धूळ आणि ओसरी

दिवाळीच्या अंकात धुळीविषयी लिहिणे काहींना अशुभ वाटेल. घराघरांतली जळमटे नुकतीच निघाली आहेत, फळ्यांवरचे डबे घासूनपुसून पुन्हा ओळीने लागले आहेत, आणि अशा वेळी ही बाई धूळ उडवीत आली, असे कुणी म्हणाले तर त्याला माझा इलाज नाही. आमच्या खानदेशात हा विषय कोणत्याही सणाला वर्ज्य नसतो. ज्या मुलखातल्या एका जिल्ह्याचे नावच धुळे आहे, तिथे तो वर्ज्य करून चालणारही नाही. त्या नावाची व्युत्पत्ती पंडितांनी काय ती करावी. मे महिन्यात तिथे उतरणाऱ्या पाहुण्याला ती कुणाला विचारावी लागत नाही.

तसे पाहिले तर मराठी भाषेने धुळीला फारसे वाईट वागवलेले नाही. पंढरपूरला पोचलेला वारकरी वाटेच्या धुळीसकट, पायही न धुता देवाला भेटतो. त्या भेटीला आपण धूळभेट म्हणतो. गाई घरी परततात त्या वेळचा गोरज मुहूर्त लग्नाला चालतो. आपल्या पणज्या-खापरपणज्यांच्या भावांनी (पणज्यांच्या वाट्याला अक्षरे आलीच नाहीत) पहिली अक्षरे गिरवली ती धूळपाटीवर. होळीच्या दुसऱ्या दिवशी धुळवड, आणि थोरांची पायधूळ घराला लागली तर घर पावन. शास्त्रज्ञ तर सांगतात की सहाराच्या वाळवंटातली धूळ अटलांटिक महासागर ओलांडून जाते आणि ॲमेझॉनच्या जंगलाला खत पुरवते. हे सारे मला मान्य आहे. माणसाच्या फुप्फुसाला मात्र यातले काही सांगून उपयोग होत नाही.

वैशाख सरत आला की तापीच्या खोऱ्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून शेते नांगरून टाकलेली असतात, पांझरेचे पात्र उघडे पडलेले असते, गाडीवाटांत घोटाभर फुफाटा साचलेला असतो. अशात एखाद्या दुपारी सातपुड्याच्या अंगाला किंवा अजिंठ्याच्या डोंगराकडे ढग चढतात. त्या ढगांतून सुटलेला पाऊस पुष्कळदा जमिनीपर्यंत पोचतच नाही. वाटेतच त्याची वाफ होते, आणि त्यामुळे गार व जड झालेली हवा वरून खाली कोसळून जमिनीलगत चहूकडे धावत सुटते. पाऊस हुलकावणी देतो, वारा देत नाही. क्षितिजावर एक तांबूस-करडी भिंत उभी राहते, ती चालू लागते, आणि बघता बघता भर दुपारी दिवे लावावे लागतात. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा अशा वाऱ्यात आडव्या झाल्या की शेतकऱ्याचे वर्ष जाते. अर्ध्या तासाने सारे शांत होते. घरातली प्रत्येक वस्तू तेवढ्यात एकाच रंगाची झालेली असते.

ही झाली घरची धूळ. कधीकधी पाहुणीही येते. २३ जानेवारी २०२२ रोजी पाकिस्तानच्या बाजूने उठलेली धूळ समुद्र आणि सौराष्ट्र ओलांडून मुंबईवर उतरली होती आणि ऐन थंडीत उत्तर महाराष्ट्राचे आभाळही मळकट झाले होते. धूळ पारपत्र मागत नाही. संयुक्त राष्ट्रांनाही हे पटले असावे, कारण त्यांनी २०२३ साली १२ जुलै हा दिवस वाळूच्या व धुळीच्या वादळांशी मुकाबला करण्याचा दिवस म्हणून नेमून दिला आहे. आमच्याकडे त्या तारखेला बहुधा चिखल असतो. पण तो दोष त्यांचा नव्हे.

अशा दिवसांत प्रकृती कशी सांभाळावी हे आता शाळकरी पोरही सांगेल. घरात राहा. दारे-खिडक्या लावा, फटींत ओली फडकी कोंबा. पाण्याचे माठ झाका. डोळ्यांत धूळ गेली तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा. दम्याच्या माणसाने आपले औषध हाताशी ठेवावे, आणि वादळ ओसरले म्हणून लगेच निर्धास्त होऊ नये; बारीक धूळ हवेत पुढेही तरंगत राहते. तिचेच खरे भय. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. दहा मायक्रॉनपेक्षा मोठे कण बहुतांशी नाकाच्या केसांत आणि शेंबडात अडकतात, त्याहून लहान आत उतरतात, आणि अडीच मायक्रॉनच्या खालचे तर फुप्फुसाच्या पार तळाशी, जिथे हवेची आणि रक्ताची गाठ पडते, तिथवर जाऊन बसतात. पदर किंवा उपरणे जाड धूळ अडवते, ही बारीक धूळ पुरती अडवीत नाही. तिच्यासाठी घट्ट बसणारी मुखपट्टी लागते. २०२० नंतर ती पुष्कळ घरांच्या खणात पडून आहे.

या उपदेशात खोट काढण्यासारखे काही नाही. मी स्वतः तो पाळते. पण तो वाचताना दर वेळी मला एक गोष्ट खटकते. ‘घरात राहा’ हे वाक्य ज्याला घर आहे आणि त्या वेळी घरात असण्याची मुभा आहे, त्यालाच उद्देशून लिहिलेले असते. एस. टी.चा वाहक, चौकातला पोलीस, केळीचे घड कापणारा मजूर, हातगाडीवर काकड्या विकणारी बाई, यांना उद्देशून त्यात एकही शब्द नसतो. त्यांना मुखपट्टी लावा म्हणावे, तर पंचेचाळीस अंशांत डोक्यावर पाटी घेऊन ती लावून श्वास घेऊन पाहावा. म्हणजे आपण जिला आरोग्याचा नियम म्हणतो ती काही लोकांची सवलत असते, आणि सवलतीला आपण एक सद्गुण समजू लागतो. मी दार लावले म्हणून मी शहाणी. तो रस्त्यावर राहिला म्हणून तो निष्काळजी!

मग दार उघडावे का? प्रश्न सोपा वाटतो. तो तितका सोपा नाही हे मला फार लहानपणी कळले.

१९७३चा उन्हाळा होता. आदल्या वर्षी पावसाने दगा दिलेला, पेरण्या वाया गेलेल्या. राज्यभर लाखो माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत आणि पाझर तलावांची माती वाहत होती. उघड्या पडलेल्या रानांमुळे त्या वर्षी धूळही मनस्वी. मी सुट्टीसाठी धुळ्याला मावशीकडे गेले होते. तिचे घर आकड्याच्या गल्लीत होते. त्या शहराच्या जुन्या भागात गल्ल्या नावांपेक्षा नंबरांनीच ओळखल्या जातात. धाब्याचे घर, पुढे उघडी ओसरी. एका दुपारी वादळ उठले. मावशीने दार लावले, फटींत चिंध्या कोंबल्या. काका दम्याचे, ते मधल्या खोलीत तक्क्याला टेकून बसले होते. तेवढ्यात दारावर थाप पडली. खडीच्या कामावरून परतणाऱ्या दोघी बाया ओसरीवर चढल्या होत्या. ओसरीवर वारा असा घुमत होता की तिथे असणे आणि रस्त्यात असणे यांत फरक नव्हता. एकीच्या कडेवर मूल होते. “माय वं, दार उघड. पोरना डोयामा धूय गयी,” एवढेच ती म्हणाली.

मावशीने दार उघडले. त्या दोघींबरोबर अर्ध्या गल्लीची धूळ आत आली. मावशीने पोराचे डोळे धुतले, तिघांना गूळपाणी दिले, वादळ ओसरल्यावर त्या गेल्या. रात्री काकांचा श्वास लागला. दोन रात्री ते पाठीशी उशा रचून बसून होते. डॉक्टरांना दोनदा बोलवावे लागले. तिसऱ्या दिवशी त्यांना जरा बरे वाटले तेव्हा त्यांचे बोलणे मी ऐकले. ते म्हणाले, “दार उघडलंस ते बरं केलंस. पण श्वास माझा होता. मला विचारायला हवं होतंस.” मावशी म्हणाली, “अहो, तुम्हाला विचारायला आत आले असते तर तेवढा वेळ ते पोर बाहेर राहिलं असतं.” दोघांचाही आवाज चढला नाही. वाद तिथेच राहिला.

पन्नासाहून अधिक वर्षे मी तो वाद मनात घोळवीत आले आहे. लहानपणी मी अर्थातच मावशीच्या बाजूची होते. मुले उदारपणाच्या बाजूची असतात, कारण त्याची किंमत सहसा दुसरे कुणी भरत असते. मोठेपणी काकांचे वाक्य मला अधिक अवघड वाटू लागले. आपण दान देतो तेव्हा ते आपल्या गाठीचे असावे, असा साधा हिशेब आहे. मावशीने दिले ते कोणाच्या गाठीचे होते? तिची फुप्फुसे धडधाकट होती. तिचे पुण्य काकांच्या श्वासातून वजा झाले. घरातल्या आजारी माणसाचा घरावर हक्क असतो, आणि बाहेरच्याचे दुःख दिसते म्हणून आतल्याचे दुःख लहान होत नाही. हे सर्व मान्य करूनही मी जेव्हा त्या दारामागे स्वतःला उभी करते, तेव्हा कडी काढणारा हात मला मागे घेता येत नाही. डोळ्यांत धूळ गेलेले मूल आणि पुढे येणारा, कदाचित न येणारा, श्वासाचा झटका यांची तुलना करायला तेव्हा वेळच नसतो. ज्याला आपण नीतीचा निर्णय म्हणतो तो पुष्कळदा असा अर्ध्या क्षणात हातच करतो, आणि बुद्धी मागाहून त्याची वकिली करते किंवा त्याच्यावर खटला भरते.

याच धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. ते महिने म्हणजे नेमके आमच्या उन्हाचे आणि धुळीचे महिने. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला कासवाची उपमा दिली आहे. संकट दिसताच कासव आपले अवयव आत ओढून घेते, तशी त्याने इंद्रिये आवरावीत. दार लावून बसलेल्या माणसाला ही उपमा फार सोयीची आहे. पण कासवाची पाठ त्याची स्वतःची असते. माझी भिंत गवंड्याने बांधली, दार सुताराने बसवले, आणि वादळाच्या वेळी ते दोघे बहुधा दुसऱ्या कुणाच्या अर्धवट भिंतीवर असतात. शिवाय कासवाने मनात आणले तरी त्याला आपल्या पाठीखाली दुसऱ्याला घेता येत नाही. मला येते. इंद्रियनिग्रहासाठी सांगितलेला दाखला मी शेजारधर्माच्या प्रश्नाला लावू लागले, तर तो दोष गीतेचा नाही.

असो. मावशी तत्त्वज्ञानात पडली नाही. त्या संभाषणानंतर दुसऱ्याच दिवशी तिने वाण्याकडून चार रिकामी गोणपाटे आणली, उसवून, एकमेकांना जोडून त्यांचा पडदा केला, आणि ओसरीच्या उघड्या बाजूला टांगला. पाण्याची टंचाई होती, म्हणून भांडी विसळलेले पाणी ती त्यावर शिंपडीत असे. आत एक माठ आणि पितळी फुलपात्र ठेवले. वादळ आले की घराचे दार बंद असे आणि ओसरी भरलेली असे. गल्लीतून जाणारा हमाल, खडीवरच्या बाया, एकदा तर एक बकरीही. काकांच्या खोलीत धूळ येत नसे, आणि कुणी दारावर थाप मारीत नसे. “श्वास माझा होता” या वाक्याला तिने दिलेले हे उत्तर होते. ती ते बोलून दाखवील अशी बाई नव्हती.

अमेरिकेत कॅन्सस-ओक्लाहोमाच्या बाजूला १९३०नंतरच्या दशकात जी भयंकर धुळीची वर्षे आली, त्यांत तिथल्या गृहिणी खिडक्या-दारांवर ओल्या चादरी टांगीत, असे मी पुढे वाचले तेव्हा मला मावशीचे गोणपाट आठवले. तिने कॅन्ससचे नावही ऐकलेले नव्हते. त्या लोकांनी पिढीभर गवताळ माळ नांगरून काढला होता. अवर्षण आले आणि उघडी पडलेली माती उठली. १४ एप्रिल १९३५च्या रविवारी तर दिवसा काळोख झाला. धुळीने न्यूमोनिया होऊन माणसे, विशेषतः मुले, दगावली. त्याच वसंतात ह्यू बेनेट हे मृदातज्ज्ञ वॉशिंग्टनमध्ये लोकप्रतिनिधींपुढे जमीन वाचवण्याची बाजू मांडीत असता पश्चिमेकडची धूळ राजधानीवर येऊन पोचली, आणि २७ एप्रिलला मृदसंधारणाचा कायदा झाला. शेतकऱ्याच्या पोराच्या छातीतली धूळ कित्येक वर्षे कुणाला दिसली नव्हती. मला यात हसावे की रडावे ते कळत नाही. कायदा झाला हे चांगलेच झाले.

आता ओसऱ्या गेल्या. सदनिकेला बाहेर जाळीचे दार आणि आत लाकडी दार असते. दोन्हींच्या मध्ये चपला मावतील एवढी जागा. आत आणि बाहेर यांच्या मधला तो प्रदेश नाहीसा झाल्यामुळे आपल्यापुढे मावशीचा पहिला पेच तेवढा उरला आहे: उघडू की नको? आणि रोज तो सोडवण्याइतका धीर कुणाजवळ नसल्यामुळे आपण तो सोडवीत नाही. घराने जे सोडले ते निदान गावाने करावे. शाळेच्या पडव्या, देवळांचे सभामंडप, बसथांब्यांचे आडोसे ही गावाची ओसरीच की. १३ मे २०२४ रोजी मुंबईत धुळीचे वादळ आले तेव्हा घाटकोपरला एका पेट्रोल पंपावर थांबलेल्या माणसांवर एक राक्षसी जाहिरातफलक कोसळला. १७ जण मृत्युमुखी पडले. त्यांतले काही आडोशाला आलेले होते. एवढ्या मोठ्या शहराला फलकासाठी जागा सापडली होती.

कुणी म्हणेल, वर्षातून पाच-सहा दुपारींचा हा प्रश्न. त्याचे एवढे काय? पण वादळ ही धुळीची फक्त मिरवणूक असते. ती बाराही महिने इथेच राहते. २०१९ साली केंद्र सरकारने शुद्ध हवेचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला तेव्हा हवेची मर्यादा सतत ओलांडणाऱ्या शहरांच्या यादीत आमच्या जळगावचे नाव होते, आणि ते काही वैशाखातल्या वादळांमुळे नव्हते. दिवाळीच्या सुमारास कापूस बाजारात येतो, जिनिंगचे कारखाने सुरू होतात, आणि सरकीपासून रुई सुटताना हवेत तूस भरते. कापसाच्या या धुळीने होणाऱ्या छातीच्या विकाराला सोमवारचा आजार असे एक नाव आहे. रविवारची सुट्टी घेऊन कामगार परतला की पहिल्या दिवशी छाती अधिक आवळते. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात ताग-अंबाडी पिंजणाऱ्यांच्या खोकल्याची नोंद आहे. रोग्याला जे प्रश्न विचारायची वैद्यांची जुनी परंपरा होती, त्यांत त्याने एका प्रश्नाची भर घातली: तुम्ही काम काय करता? मला वाटते, धुळीच्या दिवसांतल्या आरोग्याचा सारा उपदेश या प्रश्नापासून सुरू व्हायला हवा. उत्तर ऐकल्यावर ‘घरात राहा’ हे शब्द कित्येकदा ओठांवरच थांबतील.

आणि वादळ गेल्यावर झाडतो कोण? लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणतो, तिला लक्ष्मी म्हणतो, हळदकुंकू वाहतो. रीत सुंदर आहे. पण खाली बसलेली बारीक धूळ कोरड्या केरसुणीने झाडली की ती पुन्हा उठते, आणि झाडणाऱ्या बाईच्या तोंडाइतकी तिच्या जवळ दुसऱ्या कुणाचेच तोंड नसते. वादळात ती रस्त्यावर होती. आता तीच धूळ ती दुसऱ्यांदा घेते, आणि पुढल्या घरी तिसऱ्यांदा. डॉक्टर सांगतात, ओल्या फडक्याने पुसा. मी आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना गेल्या वैशाखात तेच सांगितले. त्या कमरेला हात लावून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “ताई, एवढ्या धुळीवर ओलं फडकं फिरवलं की चिखल होतो. तीनदा पाणी बदलावं लागतं. माझे गुडघे बघा. अन् पुढे चार घरं आहेत.”

म्हणजे माझा आरोग्याचा नियम त्यांच्या गुडघ्यांवरून जाणार होता. आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलो आणि चहा घेता घेता वाटाघाट केली. तोड त्यांनीच काढली. वादळाच्या दिवशी फक्त दोन खोल्या ओल्याने पुसायच्या, ज्यांत आम्ही झोपतो त्या. बाकीचे घर दुसऱ्या दिवशी, तोवर धूळ बसू द्यायची आणि कोरडी केरसुणी त्या दिवशी हातात घ्यायचीच नाही. पगार कापायचा नाही. मला ते सर्वस्वी पटले. मग त्या म्हणाल्या, “एका घरानं ऐकून काय होतं? बाकीच्या चौघींना तुम्ही सांगाल?”

मी दोन घरी जाऊन आले. एका घरी लगेच ऐकले. दुसरीकडच्या बाईंनी मला बसवले, पाणी दिले, सारे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग त्या रात्री आम्ही धुळीत झोपायचं का?” प्रश्न खोटा नव्हता. त्यांच्या घरी खोल्या चार आणि माणसे सात, आणि सासूबाईंना दमा आहे. त्या दुपारी आम्ही सासूबाईंची खोली आणि शेजारची एक, एवढ्यावर आलो; स्वयंपाकघराचे काही ठरले नाही. उरलेल्या दोन घरी मला अजून जायचे आहे.